आई आणि ताईनं आपल्यात नेमकं काय ठेवलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला धरून आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तुम्ही चाळिशीत आहात. तुम्ही तीन वर्षांचे असताना वडील गेले. आई नोकरीवरून संध्याकाळी उशिरा यायची. मधला सगळा वेळ तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी ताई तुम्हाला सांभाळायची. दीड वर्षापूर्वी आई गेली. तुम्ही लिहिलंय, "माझ्यात जे काही बरं आहे ते या दोघींनी ठेवलेलं आहे." तुमच्या पत्नीला वाटतं की तुम्ही आईला देव्हाऱ्यात बसवलंय. ताईचे फोन कमी झालेत, आणि आलेच तर कोरडे असतात. प्रेमळ आई आणि भावंडं माणसाला खरंच घडवतात, की ही आपली एक हळवी समजूत आहे? घडवत असतील तर ते कसं? आणि ताईचं काय करायचं? असा तुमचा प्रश्न आहे.

मी २७ वर्षं समुपदेशन करते आहे. माणसं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा तक्रार झोपेची असते, नोकरीतली असते, संसारातल्या भांडणांची असते; पण तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत बोलणं आईपाशी किंवा भावंडांपाशी येऊन थांबलेलं असतं. तेव्हा सरळ उत्तर देते. हो, घडवतात, आणि फार खोलवर घडवतात. पण कशामुळे घडवतात याबद्दलचा आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. आपल्याला आईचा त्याग आठवतो. तिनं स्वतःची हौस मारली, आजारपण अंगावर काढलं, आपल्यासाठी राबली. हे खरं असतं आणि त्याचं मोल मोठं असतं. तरी माणसाच्या आत जाऊन जे बसतं ते अशा मोठ्या प्रसंगांतून क्वचितच आलेलं असतं. ते येतं दिवसातून दहादा घडणाऱ्या एका साध्या गोष्टीतून. काहीतरी बिनसतं, आणि मग कुणीतरी परत येतं.

एक गृहस्थ आठवतात. (माझ्याकडे आलेल्यांबद्दल सांगते तेव्हा ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेले असतात.) पन्नाशीचे, मोठ्या जबाबदारीच्या पदावर. आईच्या कष्टांची हकिगत त्यांनी कोरड्या डोळ्यांनी सांगितली, जणू पाठ केलेली. मी विचारलं, "ती रागावली की पुढं काय व्हायचं?" ते थांबले. म्हणाले, "रागावली की बोलायची नाही. पण रात्री येऊन माझं पांघरूण सारखं करायची. मी जागाच असायचो. तिला ते माहीत असायचं." एवढं बोलून त्यांना पुढं बोलवेना. ऑफिसात कुणाशी खटका उडाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून त्या माणसाच्या टेबलाशी जायची त्यांची सवय होती, आणि त्यांचे सहकारी त्यांना त्यासाठीच मानायचे. ही सवय कुठून आली हे त्यांना त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

या गोष्टीला अभ्यासाचा आधार आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे, आणि तो बराच जुना आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. आईपासून जन्मतःच तोडलेल्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या, एक नुसत्या तारेची आणि एक मऊ कापडानं मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत आणि घाबरली की तिच्याकडेच धावत. हे प्रयोग क्रूर होते. त्यांची वर्णनं वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. पण त्या काळात मूल आईला चिकटतं ते दुधासाठी, असं मानणारे वजनदार तज्ज्ञ होते, आणि मुलांना फार जवळ घेऊ नका असा सल्ला ते आयांना देत. त्या समजाला इथे मोठा तडा गेला.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं काम. १९५४-५५ मध्ये त्यांनी युगांडात २६ कुटुंबांच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन आई आणि बाळ एकमेकांशी कसे वागतात ते टिपलं. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्यांनी एक छोटी चाचणी बसवली. वर्ष-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल किती रडलं यावरून त्याचा लळा मोजत असतील, असं कुणालाही वाटेल. एन्सवर्थ यांची नजर मुख्यतः आई परत येते त्या क्षणावर होती. काही मुलं रडत तिच्याकडे जातात, तिच्या कुशीत निवतात आणि थोड्या वेळानं पुन्हा खेळायला लागतात. काही मुलं ती आलेली दिसलीच नाही असं दाखवतात. वरून शांत, पण पुढच्या अभ्यासकांनी मोजलं तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. काही मुलं बिलगतात आणि त्याच वेळी आईला ढकलतात, त्यांची समजूत पटत नाही. पहिल्या प्रकारच्या मुलांना अनुभवानं माहीत झालेलं असतं की हिच्याकडे गेलं की बरं वाटतं. हे ज्ञान शब्द येण्याच्या आधीचं असतं, म्हणूनच मोठेपणी ते सांगता येत नाही.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईनं दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून, हात पसरून, आवाज काढून तिला बोलवायला बघतं. उत्तर येत नाही तसं ते कासावीस होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. पण ट्रॉनिक यांच्या पुढच्या निरीक्षणांतला आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला सांगते. सगळं नीट चाललेल्या आई-बाळांमध्येसुद्धा दोघांचा सूर जुळलेला असतो तो साधारण ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ चुकामूक असते. बाळाला खेळायचं असतं तेव्हा आई दमलेली असते, आई हसते तेव्हा बाळाला झोप आलेली असते. नातं घट्ट होतं ते हा सूर सुटून पुन्हा लागतो त्यातून. हे ऐकून बऱ्याच आया रडतात. आपण रोज कमी पडतो असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५३ च्या एका निबंधात 'पुरेशी चांगली आई' असा शब्दप्रयोग केला. ही आई सुरुवातीला बाळाची जवळजवळ प्रत्येक गरज ओळखते आणि मग बाळाला जसजसं झेपेल तसतशी हळूहळू थोडी चुकत जाते. ते थोडं चुकणं बाळाच्या वाढीसाठी लागतं. तुमची आई संध्याकाळी उशिरा यायची. ती दिवसभर नव्हती, ही गोष्ट तुम्ही पत्रात जवळजवळ माफी मागितल्यासारखी लिहिली आहे. तिच्या वतीनं माफी मागायचं काहीच कारण नाही. ती रोज यायची, आणि आल्यावर, तुमच्याच शब्दांत, "चपला काढायच्या आधी मला हाक मारायची." त्या हाकेनं तुमच्यात काय ठेवलं असेल याचा मला अंदाज आहे.

हे मोठेपणी कुठे दिसतं? मुलाच्या लळ्याचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याला आतला चालता नकाशा अशा अर्थाचं नाव दिलं होतं: मी कोण आहे, माणसं कशी आहेत, अडचणीत हाक मारली तर कुणी ओ देईल का. असा नकाशा बरा असलेला माणूस चुका करतो, रडतो, हरतो, पण चूक झाल्यावर त्याला स्वतःचा तिरस्कार वाटत नाही. त्याला मदत मागता येते. मदत मागता येणं हे मला या सगळ्या वर्षांत दिसलेलं सर्वांत मोठं धन आहे, पैशाहून आणि शिक्षणाहूनही मोठं. त्याला एकटंही राहता येतं. विनिकॉट म्हणत की एकटं राहण्याची ताकद कुणाच्या तरी सोबतीत एकटं राहून येते. मूल एका कोपऱ्यात आपल्या नादात खेळतंय, आई तिथेच आपलं काम करते आहे, दोघं बोलत नाहीत. तुम्ही लिहिलंय की अजूनही अवघड काम हातात घेतलं की तुम्हाला खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं आणि मन स्थिर होतं. यात विचित्र काही नाही.

आता भावंडं. मानसशास्त्रानं त्यांच्याकडे फार उशिरा पाहिलं, आणि पाहिलं तेव्हा आधी नुसती ईर्ष्याच पाहिली. आपली भाषा याबाबतीत जास्त शहाणी आहे. पाठचा भाऊ, पाठची बहीण, पाठीराखा. हे शब्द कुणीतरी मागे उभं असल्याचे आहेत. आईशी असलेलं नातं कितीही गोड असलं तरी ते उतरतं असतं: एक देणारं, एक घेणारं. भावंड हे पहिलं असं माणूस की ज्याला तुमच्याइतकंच हवं असतं, आणि जे तुमच्यासाठी ते मुकाट्यानं सोडून देत नाही. तिथे मूल वाटून घ्यायला, फसवायला, फसवलं गेल्यावर सावरायला, मनधरणी करायला, दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायला शिकतं. भावंडं असलेली लहान मुलं 'दुसऱ्याला वेगळं वाटू शकतं' हे काहीशी लवकर ओळखतात, असं १९९० च्या दशकातल्या काही अभ्यासांत दिसलं. एकुलत्या मुलांनी यात वाईट वाटून घेऊ नये. चुलत-मावस भावंडं, शेजारची मुलं, शाळेतला जिवलग मित्र हे काम पुष्कळ करतात.

माकडांच्या त्या प्रयोगांचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. कापडाची आई मिळालेली पण इतर पिल्लांशी कधीच न खेळलेली माकडं मोठेपणी कळपात नीट राहू शकली नाहीत. रोज थोडा वेळ का होईना बरोबरीच्या पिल्लांशी खेळू दिलं तेव्हा त्यांची वाढ पुष्कळच सुधारली. १९७२ मध्ये स्टीफन सुओमी आणि हार्लो यांनी त्याहून विलक्षण गोष्ट नोंदवली. जन्मापासून सहा महिने एकटी कोंडलेली, स्वतःलाच मिठी मारून डोलत बसणारी माकडं. त्यांच्या पिंजऱ्यात तीन महिन्यांची धाकटी पिल्लं सोडली. पिल्लं कसलाही विचार न करता जाऊन त्यांना बिलगली. ती माकडं पळून गेली तरी पिल्लं बिलगली. काही महिन्यांत ती कोंडलेली माकडं खेळू लागली. धाकट्या भावंडानं थोरल्याला वाचवणं मी माणसांत किती वेळा पाहिलंय ते सांगता येणार नाही. आपण नेहमी थोरल्यानं धाकट्याला सांभाळल्याचंच बोलतो.

आणि १९४५ ची ती सहा मुलं. तेरेझिनच्या नाझी छळछावणीत वाढलेली, आईबाप गमावलेली, तीन-चार वर्षांची मुलं इंग्लंडमध्ये आणली गेली. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. मोठ्या माणसांना ती चावत, थुंकत, खेळणी मोडत. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर व्हायला तयार नसत. एक मागे राहिला तर बाकीची थांबत. हातात काही आलं की आधी दुसऱ्याला मिळालं का ते बघत. ती रक्ताची भावंडं नव्हती. आई मिळाली नाही तेव्हा त्यांनी भावंडपण घडवलं आणि त्यावर तगली. ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

भावंडांचं नातं किती लांबवर जातं, याचा एक पुरावा देते. हार्वर्डमध्ये १९३८ साली विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातल्या २२९ पुरुषांची माहिती तपासून २००७ मध्ये एक निष्कर्ष छापला गेला: विशीच्या आत भावंडांशी संबंध वाईट असलेल्यांना पन्नाशीपर्यंत तीव्र नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि आईवडिलांशी नातं कसं होतं हे हिशोबात धरूनही हा फरक टिकला. हे सगळे एका नामवंत विद्यापीठातले पुरुष होते, त्यामुळे तो आकडा सगळ्या जगाला जसाच्या तसा लावू नये. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. आईवडिलांबद्दलची जखम माणसं कधीतरी बोलून दाखवतात. भावाशी तुटलेलं असतं ते वर्षानुवर्षं "आमचं फारसं जमत नाही" एवढ्या वाक्यात गुंडाळून ठेवतात.

भावंडांत प्रेम कसं रुजतं, याबद्दल ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमध्ये ४० कुटुंबांत पाहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. दुसरं मूल जन्माला आल्यावर काही आया थोरल्याशी बाळाबद्दल माणूस म्हणून बोलत होत्या: त्याला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, आपण काय करूया? अशा घरांत पुढच्या महिन्यांत भावंडं एकमेकांशी जास्त मायेनं वागताना दिसली. म्हणजे आई आणि भावंड हे दोन वेगळे झरे नसतात. आईचं बोलणं भावंडांच्या नात्यात वाहत जातं. तुमच्या ताईला तिच्या नवव्या वर्षी तुमच्याबद्दल कुणी काय सांगितलं असेल, याचा विचार करून बघा.

इथे मी थोडी थांबते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. "ताई माझी दुसरी आईच."

हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं आणि ते ऐकून थोरल्या बहिणी हसतात. पण वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचेही वडील गेले होते. तुम्हाला त्यांचा चेहराही नीट आठवत नसेल. तिला आवाज, हात, चालण्याची ढब, सगळं आठवत असणार. त्याच सुमारास आईही दिवसभरासाठी घराबाहेर गेली. तुम्हाला ताई मिळाली. तिला ताई नव्हती.

अशा थोरल्या मुली माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीत येतात. सगळ्या कर्तबगार, सगळ्यांच्या आधाराच्या. त्यांना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तर त्या खरोखर गोंधळतात. एकीनं मला सांगितलं होतं, "मला भूक लागली आहे हे मला धाकट्याला भूक लागली की कळायचं." जबाबदारीनं माणूस खचतोच असं मात्र नाही. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा वाढत्या वयात आणि पुढे प्रौढपणीही मागोवा घेतला. त्यातली सुमारे एक तृतीयांश मुलं फार कठीण परिस्थितीत वाढत होती; तरी त्यांतली एक तृतीयांश समर्थ आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं तरी भरवशाचं माणूस होतं: आई, आजी-आजोबा, शिक्षक, कधी थोरलं भावंड. आणि त्यांतल्या पुष्कळांवर लहानपणी धाकट्यांना सांभाळायची खरी जबाबदारी होती. आपण कुणाला तरी लागतो, या जाणिवेनं त्यांना बळ दिलं. मला वाटतं फरक पडतो तो त्या कामाची कुणी दखल घेतली का, यानं. "तू नसतीस तर माझं कसं झालं असतं" असं आईनं एकदा जरी म्हटलं असेल तर ते ओझं राहूनही मुलीचा कणा ताठ होतो. न बोलता गृहीत धरलं गेलं असेल तर ते आत कुठेतरी साचून राहतं, आणि पुष्कळदा आई गेल्यावर वर येतं. तोवर आईकडून ते ऐकायची आशा तरी असते.

म्हणून ताईच्या कोरड्या फोनचा अर्थ लावताना घाई करू नका. तिचं तुमच्यावरचं प्रेम कमी झालं, असं मला तुमच्या पत्रातून अजिबात वाटलं नाही. आई असताना तुम्ही दोघं आईमार्फत एकमेकांना कळत होता. "ताईची तब्येत बरी नाही, फोन कर" हे आई सांगायची, हो ना? बऱ्याच घरांत भावंडांचं नातं आईमार्फतच चालतं, आणि ती गेली की भावंडांना कळतं की आपल्याला एकमेकांशी सरळ बोलायची सवयच नाही. शिवाय तुमचं दुःख आणि तिचं दुःख एक नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एकाच घरातली मुलं इतकी वेगळी का होतात हा प्रश्न लावून धरला होता. त्याचं एक उत्तर असं की ती एकाच घरात वाढत नाहीत. तुमच्या वाट्याला चपला काढायच्या आधी हाक मारणारी आई आली. तिच्या वाट्याला आलेली आई आधी वेगळी होती, नवरा गेल्यावर बदललेली होती, आणि दारातून आल्यावर "त्यानं काही खाल्लं का?" असं विचारणारी असू शकेल. दोन्ही आया खऱ्या.

यावरून तुमच्या पत्नीच्या बोलण्याकडे येते. कॅरल जॉर्ज, नॅन्सी कॅप्लन आणि मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीमध्ये मोठ्यांसाठी एक मुलाखत तयार केली. तिचं विश्लेषण प्रशिक्षित माणसानंच करायचं असतं, पण त्यातला एक प्रश्न कुणालाही उपयोगी पडेल. लहानपणच्या आईशी असलेल्या नात्यासाठी पाच शब्द सांगा. मग प्रत्येक शब्दासाठी एक खरी, घडलेली आठवण सांगा. आई कशी होती यापेक्षा तिच्याबद्दलचं सांगणं किती सुसंगत आहे याला तिथे महत्त्व असतं. 'प्रेमळ, सोशिक, देवमाणूस' असे शब्द भराभर येतात आणि आठवणी येतच नाहीत, तेव्हा तिथे काहीतरी झाकलेलं असतं. याच्या उलट, 'तापट' म्हणून तिच्या एका दुपारची हकिगत माणूस हसत, थोडं दुखत सांगतो, तेव्हा ती आई त्याच्यात जिवंत असते. तुम्ही आईबद्दल लिहिताना हाकेची आठवण दिलीत, म्हणजे सगळं देव्हाऱ्यात गेलेलं नाही. पण पूर्ण पत्रात ती एकदाही चुकलेली नाही. दीड वर्षात ते स्वाभाविक आहे. मृत्यूनंतर काही काळ आपण माणसाच्या चुकांना हात लावत नाही. पुढे मात्र लावावा लागतो, कारण तिच्या चुका आणि मग तिचं परत येणं हेच तर तिनं तुम्हाला दिलं. ते झाकलं तर तिनं दिलेलंच झाकलं जाईल.

दोन गोष्टी न सांगता राहवत नाही. सगळं आईवर टाकू नका, श्रेयही आणि दोषही. स्वभावाचा मोठा भाग जन्मासोबत येतो; गरिबी, आजार, शाळा, नशीब यांचा हात असतो; आणि विसाव्या शतकात मुलांच्या प्रत्येक दुखण्याला आईला जबाबदार धरून आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी कितीतरी बायकांवर अन्याय केला. दुसरं, ज्यांना अशी आई आणि असं भावंड मिळालं नाही त्यांचा रस्ता बंद होत नाही. मायेचं ते काम वडील, आजी, दत्तक घेणारी आई, शिक्षक, पुढे जोडीदारही करू शकतो. कठीण बालपणाबद्दल शांतपणे, सलग बोलू शकणारी माणसं आपल्या मुलांना चांगला लळा लावू शकतात, हेही मेन आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. माझ्या खुर्चीतून मी ते घडताना पाहिलंय. वेळ लागतो, पण घडतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ताईला "तू फोन का करत नाहीस?" असं विचारू नका. तो प्रश्न तिला पुन्हा तुमची जबाबदारी देतो. "तू माझी दुसरी आई आहेस" हेही काही दिवस बाजूला ठेवा. फोन करा आणि तुम्हाला आठवणारी एखादी बारीक गोष्ट सांगा, तिनं तुमच्यासाठी केलेली, तारीख-वार नसला तरी चित्र स्पष्ट असलेली. मग विचारा, "तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला काय वाटत होतं गं?" आणि गप्प बसा. आईची बाजू घेऊ नका. तिनं आईबद्दल कडू काही काढलं तर "पण आई बिचारी..." हे शब्द ओठांवर येतील, ते गिळा. ती तुमच्या आईबद्दल बोलत नसेल. तिला मिळालेल्या आईबद्दल बोलत असेल, आणि ते ऐकायला या जगात तुमच्याइतकं योग्य दुसरं कुणी उरलेलं नाही.

पहिल्या वेळी ती बहुधा विषय बदलेल. तुमच्या मुलांची चौकशी करेल, कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवेल. ठेवू द्या. पुढच्या आठवड्यात परत फोन करा.